खोक्यावरची खूण आणि भिंतीतली तार

गीझर घ्यायला गेलेला माणूस किती लिटरचा हवा ते सांगतो, तारे मोजतो, वॉरंटी किती वर्षांची ते विचारतो आणि शेवटी थोडाफार भाव कमी करून घेतो. सुरक्षिततेचा विषय निघालाच तर दुकानदार खोक्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘आयएसआय आहे, काही काळजी नको.’ तिथे बोलणं संपतं. माझं सांगणं असं की तपासणी तिथून सुरू व्हायला हवी.

कारण स्वस्तातल्या बऱ्याच वस्तूंवर जी आयएसआयची खूण दिसते ती त्या वस्तूची नसतेच. एखादी स्वस्त इस्त्री हातात घ्या. प्लगवर खूण असते, वायरीवर बारीक अक्षरांत खूण असते आणि इस्त्रीच्या अंगावर मात्र काहीच नसतं. प्लग-सॉकेटचं मानक वेगळं, आयएस १२९३. वायरीचं वेगळं, आयएस ६९४. इस्त्रीचं आणखी वेगळं, आयएस ३०२ या मोठ्या मानकाचा एक भाग. प्लग बनवणाऱ्याने त्याच्या मालाची तपासणी करून घेतली, यात इस्त्री बनवणाऱ्याचं काही कर्तृत्व नाही. पण गिऱ्हाइकाला खूण दिसते, दुकानदार ती दाखवतो आणि व्यवहार होऊन जातो. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: खूण वस्तूच्या अंगावर किंवा तिच्या माहितीच्या पट्टीवर हवी आणि ती त्याच वस्तूच्या मानकाची हवी.

आयएसआय ही अक्षरं आली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन या १९४७ साली स्थापन झालेल्या संस्थेवरून. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली, पण लोकांच्या ओळखीची खूण तशीच ठेवली. आज या सगळ्याला आधार आहे तो भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ याचा. हा कायदा ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे. मानक पाळणं एरवी उत्पादकाच्या मर्जीवर असतं. पण केंद्र सरकारने एखाद्या वस्तूसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की मर्जी संपते. मग ती वस्तू खुणेशिवाय बनवता येत नाही, आयात करता येत नाही, विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, इतकंच काय, साठवून ठेवता किंवा विक्रीसाठी मांडताही येत नाही. नियम मोडणाऱ्यासाठी या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळेला किमान २ लाख आणि नंतर किमान ५ लाख रुपये दंड अशी तरतूद करण्यात आली. दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आमच्याकडे विनाआयएसआयचाही माल आहे, स्वस्तात देतो’ असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा तो तुमच्यावर मेहरबानी करत नसतो. बंदी असलेला माल तो तुमच्या गळ्यात मारत असतो.

कोणत्या वस्तूंना सक्ती आहे? इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर, म्हणजे आपला रॉड, टाकीचा गीझर, रूम हीटर, विजेची शेगडी, घरातली वायर, बटणं, एमसीबी या वस्तू २००३ च्या आदेशापासून सक्तीच्या यादीत आहेत. प्रेशर कुकर १ फेब्रुवारी २०२१ पासून आला. नंतर छताचे पंखे आले. यादी वाढतेच आहे आणि जुन्या आदेशांच्या जागी नवे येत आहेत, म्हणून एखादी वेगळी वस्तू घ्यायची असेल तर ब्युरोच्या संकेतस्थळावरची यादी आधी बघून घ्या. मायक्रोवेव्ह ओव्हन, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे, सक्तीच्या नोंदणीची. तिथे ‘आर’ अक्षर आणि आठ आकडी क्रमांक असतो. दोन्ही पद्धतींत फरक आहे. आयएसआय खुणेसाठी ब्युरोचे अधिकारी कारखान्यात जाऊन पाहणी करतात, नमुने तपासतात, परवाना दिल्यावरही बाजारातून नमुने उचलतात. नोंदणीच्या पद्धतीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि उत्पादकाची हमी यावर नोंदणी मिळते.

क्रमांक कसा तपासायचा

खऱ्या आयएसआय खुणेचे तीन भाग असतात. मधे ती चौकटीतली ओळखीची अक्षरं. त्यांच्या वर मानकाचा क्रमांक. टाकीच्या गीझरवर आयएस २०८२, रॉडवर आयएस ३६८, प्रेशर कुकरवर आयएस २३४७. आणि खाली परवाना क्रमांक, ‘सीएम/एल’ आणि पुढे सात किंवा दहा आकडे. वरचा क्रमांक नसेल किंवा खालचा नसेल तर ती खूण कुणीही छापू शकतो. नकली माल बनवणारे बहुतेक वेळा एवढंच करतात. मधली अक्षरं ठसठशीत छापतात आणि वरखालचे आकडे गाळतात, किंवा ते इतके बारीक छापतात की वाचताच येऊ नयेत.

आकडे मिळाले की मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप उघडा. फुकट आहे. परवाना पडताळायच्या जागी तो क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे, कोणता ब्रँड आणि परवाना चालू आहे की संपला, हे सगळं समोर येतं. आता नुसतं ‘क्रमांक सापडला’ म्हणून समाधान मानू नका. पडद्यावरची वस्तू आणि हातातली वस्तू एकच आहे का? ब्रँड तोच आहे का? परवाना रद्द किंवा स्थगित तर नाही? दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक उचलून छापल्याची प्रकरणं अशीच उघडकीला येतात. चार्जर किंवा एलईडी बल्बचा ‘आर’ क्रमांकही याच ॲपवर तपासता येतो. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गर्दीच्या वेळी उभं राहून हे करायला संकोच वाटतो, मागचं गिऱ्हाईक ढोसायला लागतं. करा तरीही. पैसे तुम्ही मोजताय आणि वस्तू तुमच्या न्हाणीघरात लागणार आहे.

यानंतर माहितीची पट्टी वाचा. किती व्होल्ट, किती हर्ट्झ, किती वॅट, मॉडेल क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेतून पाहुण्यांनी हौसेने आणलेला टोस्टर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने तो इथे चालत नाही, पेटतो. उलट दिशेलाही तेच. न्यू जर्सीला निघालेल्या मुलीला इथला मिक्सर बांधून देण्यापेक्षा तिथल्या वीजदाबाचा आणि तिथल्या प्रयोगशाळेची खूण असलेला मिक्सर तिने तिथेच घ्यावा.

पट्टीवर एकात एक असे दोन चौकोन दिसले तर त्या वस्तूला दुहेरी आवरण आहे. तिला अर्थिंगची गरज नसते आणि दोन पिनांचा प्लग चालतो. केस वाळवायचं यंत्र, चार्जर अशा वस्तूंवर ही खूण असते. ती नसेल आणि वस्तूला धातूचं अंग असेल, तर तीन पिनाच हव्यात. इस्त्री, गीझर, फ्रिज, धुलाई यंत्र यांच्याबाबत यात तडजोड नाही.

ताऱ्यांचा सुरक्षिततेशी संबंध नाही. ते ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, वीज किती खाते ते सांगणारे. पाच तारे असलेला गीझर वीज कमी खाईल, पण तो शॉक देणार नाही याची ग्वाही तारे देत नाहीत. ‘सीई’ हे युरोपातल्या बाजारासाठी असतं आणि बहुतेक घरगुती वस्तूंच्या बाबतीत तो उत्पादकाने स्वतःच केलेला दावा असतो. भारतात तो आयएसआयच्या जागी चालत नाही. ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ या शब्दांना कायद्यात काहीच अर्थ नाही.

मानक नेमकं काय तपासतं

हे माहीत असलं की खुणेची किंमत कळते. आयएस ३०२ मध्ये उपकरण नुसतं चालतं का हे पाहत नाहीत, बिघडलं तर काय होतं हे पाहतात. थर्मोस्टॅट बंद पडला असं धरून उपकरण चालू ठेवतात आणि आग लागते का बघतात. आतल्या भागांना आधार देणाऱ्या प्लॅस्टिकला तापलेल्या लालबुंद तारेने चटका देतात आणि पेटल्यावर ते आपणहून विझतं की नाही हे पाहतात. आवरणावर हजार व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब टाकतात. हातात धरायच्या, तीन पिनांच्या उपकरणातून अंगावर येऊ शकणारी गळती ०.७५ मिलिॲम्पिअरच्या आत हवी, अशी मर्यादा आहे. वायर जिथे यंत्रात शिरते तिथे ती ओढून, पिळून बघतात. इस्त्रीची वायर नेमकी तिथेच आधी तुटते हे घरोघरी माहीत आहे.

विनाखुणेची वस्तू वाईटच असते असं नव्हे. पण ती चांगली आहे हे कुणीही पाहिलेलं नसतं आणि ते आपण घरी बसून पाहू शकत नाही.

टाकीच्या गीझरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. त्यात तीन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो अडकला तर थर्मल कटआऊट तोडतो. तोही गेला आणि टाकीत वाफ व्हायला लागली तर दाब सोडणारा वॉल्व्ह उघडतो. पाणी तापलं की फुगतं, त्यामुळे या वॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडणं स्वाभाविक आहे. पण फरशी ओली होते म्हणून कुणीतरी तक्रार करतं आणि प्लंबर तिथे आटा बसवून तोंड बुजवून टाकतो. असं केलेला गीझर वरचे दोन राखणदार गेले की फुटू शकतो. वॉल्व्हला नळी लावून ती मोरीत सोडा. वॉल्व्ह बुजवू देऊ नका. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी पट्टीवरचा दाबाचा आकडाही बघावा. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीखाली पंधरा-वीस मजले असतील आणि मधे दाब कमी करणारी सोय नसेल, तर खालच्या मजल्यांवर पाच-सहा बार सहज येतो. तिथे आठ बारचा गीझर घ्यावा.

रॉडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुसरा पर्याय असेल तर रॉड वापरूच नये. पर्याय नसेल तर आयएस ३६८ ची खूण असलेलाच घ्यावा, प्लॅस्टिकच्या बादलीत वापरावा, पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत असावं, आधी पाण्यात सोडून मग बटण लावावं आणि बटण बंद करून प्लग उपसल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खुणेशिवायच्या घरगुती वस्तूंबद्दल जी सुरक्षा सूचना काढली तीत या रॉडचं नाव होतं, आणि ते उगाच नव्हतं.

भिंतीतली बाजू

इथवर जे सांगितलं ते वस्तूचं. आता घराचं. मला सगळ्यांत जास्त काळजी याच भागाची वाटते, कारण इथे दुकानदार नाही, खोकं नाही, खूण नाही. खुणेचा, परवान्याचा, उत्तम गीझर अर्थिंग नसलेल्या पॉईंटला जोडला की मानकाने दिलेलं निम्मं संरक्षण तिथेच संपतं.

आधी पॉईंट. मानकात सॉकेट दोन प्रकारचे, ६ आणि १६ अँपिअरचे. दुकानात अजून ‘पाच’ आणि ‘पंधरा’ म्हणतात. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, ३००० वॅटचा तेरा. म्हणजे दोन्ही मोठ्याच पॉईंटवर लावायला हवेत आणि त्या पॉईंटपर्यंत मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. अंतर लांब असेल तर चारची. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारं ‘कन्व्हर्जन प्लग’ नावाचं जे काही मिळतं, ते गीझर, हीटर, इस्त्री यांच्यासाठी कधीही वापरू नका. एक्सटेन्शन बोर्डावरही ही उपकरणं नकोत.

तिसरी पिन जाड आणि लांब असते ती अर्थिंगची. लांब यासाठी की प्लग आत जाताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटावा. सॉकेटमधली झाकणंही तीच उघडते. घरोघरी या अर्थच्या भोकात पेन खुपसून झाकण उघडतात आणि खालच्या दोन भोकांत दोन पिनांचा प्लग घुसवतात. लहान मूल हे बघत असतं आणि पुढच्या वेळी पेनाऐवजी त्याच्या हातात खिळा असू शकतो. दोन पिनांच्या वस्तूसाठी बोर्डावर तसंच सॉकेट बसवून घ्या, फार खर्च नाही.

अर्थिंग आहे की नाही हे सॉकेट पाहून कळत नाही. जुन्या इमारतींत कित्येकदा तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. पूर्वी काही जण ती पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडत. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले आणि ती जोडणी कुठेच जात नाही. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ मारणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजचं, धुलाई यंत्राचं, गीझरचं सगळं अंग जिवंत होतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून हे तपासून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्रात खाली काळा पाषाण आणि वर मुरूम. अशा जमिनीत अर्थिंग मुळातच अवघड जातं, उन्हाळ्यात कोरडं पडलं की आणखी बिघडतं. बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. सोसायटीत राहत असाल तर मीटरच्या खोलीतलं अर्थिंग शेवटचं कधी तपासलं हे वार्षिक सभेत विचारा. रंगकामाच्या खर्चावर तासभर चर्चा होते, या प्रश्नाला पाच मिनिटं मिळायला हरकत नसावी.

आणि आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे हा फार मोठा गैरसमज आहे. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही आणि माणसाचा जीव त्याच्या शेकडो पटीने कमी प्रवाहाने जातो. आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करत असते. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह वाट चुकून कुणाच्या अंगातून जमिनीत जातोय, की क्षणाच्या अंशात वीज तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार अगदी लहान जोडण्या सोडल्या तर हे संरक्षण बंधनकारक आहे आणि घरगुती जोडणीसाठी मर्यादा ३० मिलिॲम्पिअरचीच आहे. बाजारात १०० आणि ३०० च्याही मिळतात. वारंवार ट्रिप होते म्हणून ३० ची काढून १०० ची बसवणारे महाभाग आहेत. ट्रिप होते म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधायला हवी. घेताना आयएस १२६४० ची खूण पाहा.

आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं एक लहान बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ती बदलायची आहे, आजच.

विषय विजेचा असला तरी गॅस गीझर वगळून चालणार नाही. तो बंद न्हाणीघरात लावला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस ओरडायच्या आधी बेशुद्ध पडतो. यासाठी आयएस १५५५८ हे मानक आहे, पण कोणतीही खूण बंद खोलीवर उपाय नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत लावा आणि पाणी नळीने आत आणा. जागा नसेल तर घेऊ नका. सिलिंडरच्या रबरी नळीवर आयएस ९५७३ आणि तारीख छापलेली असते; सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

ऑनलाइन खरेदी आणि बिल

ऑनलाइन बाजार हे विनाखुणेच्या मालाचं मोठं दार झालं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला मानकात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल आणि फ्लिपकार्टला ५९८ कुकरांबद्दल प्रत्येकी १ लाख रुपये दंड लावला, गिऱ्हाइकांना कळवायला, कुकर परत घ्यायला आणि पैसे परत करायला सांगितलं. ‘आम्ही फक्त मंच पुरवतो, माल विक्रेत्याचा’ हा बचाव प्राधिकरणाने मानला नाही. तुमच्यासाठी यातला कामाचा भाग असा की मागवण्यापूर्वी फोटोत माहितीची पट्टी आणि परवाना क्रमांक दिसतो का बघा. दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर टाळलं तर दुसरीकडे बघा. खोकं उघडताना मोबाइलवर चित्रण करा. ई-कॉमर्स नियमांनुसार मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते.

पक्कं बिल घ्या. त्यावर ब्रँड, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. नुसतं ‘गीझर १ नग’ असं लिहिलेलं बिल पुढे कामाला येत नाही. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कच्च्या बिलात वाचवलेले पैसे दुर्घटनेनंतर फार महाग पडतात.

काही घडलंच तर

शॉक बसला, आग लागली, स्फोट झाला तर आधी मेन बंद, मग माणसाकडे बघणं, हे सांगायला नको. त्यानंतर लोक एक गोष्ट हमखास करतात, जळलेली वस्तू भंगारात देऊन टाकतात किंवा कंपनीचा माणूस ‘तपासायला नेतो’ म्हणाला की त्याच्या हवाली करतात. तसं करू नका. तुमचा मुख्य पुरावा ती वस्तूच आहे. तिचे, पट्टीचे, प्लगचे, सॉकेटचे फोटो काढा, ती बांधून ठेवा. न्यायचीच असेल तर लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. कुणी दगावलं किंवा जखमी झालं असेल तर पोलिसांकडून पंचनामा करून घ्या आणि वीज कंपनीला लेखी कळवा. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होते. त्याचा अहवाल पुढे फार वजनाचा ठरतो.

२०१९ च्या कायद्याने उत्पादन दायित्व हे नवं प्रकरण आणलं. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाई मागता येते आणि उत्पादकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नसतं. वस्तूत दोष होता आणि त्या दोषाने इजा झाली, एवढं दाखवायचं असतं. उत्पादक सापडतच नसेल तर विक्रेत्याला धरता येतं. पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. वस्तूचा गैरवापर केला असेल, तिच्यात फेरफार केला असेल तर विक्रेत्याचं दायित्व टळतं. तिसरी पिन कापलेला प्लग, बुजवलेला वॉल्व्ह, न्यूट्रलला जोडलेली अर्थ, या सगळ्या गोष्टी समोरचा वकील पहिल्याच तारखेला पुढे ठेवतो.

दावा जिल्हा ग्राहक आयोगात करायचा, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तुम्ही राहता तिथल्या आयोगातही करता येतो. कंपनी कुठली का असेना, दिल्लीला जायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. दोष प्रयोगशाळेतच कळण्यासारखा असेल तर आयोग वस्तू तपासायला पाठवतो, म्हणूनच ती जपून ठेवायची. आणि वस्तूवर खरी आयएसआय खूण असून ती मानकात बसत नसेल, तर ब्युरोकडेही तक्रार करा. ब्युरोच्या कायद्यातही अशा ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे.

इजा होईपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. दुकानात सक्तीची वस्तू खुणेशिवाय मांडलेली दिसली, खूण नकली वाटली, ॲपवर क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर ‘बीआयएस केअर’ वरच तक्रार नोंदवा. मुंबईत अंधेरीला, पुण्याला आणि नागपूरला ब्युरोची कार्यालयं आहेत, तिथेही लेखी देता येतं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वस्तू तुम्ही घेतली नसली तरी तक्रार करा, कारण तुम्ही परत ठेवलेला तो हीटर दुकानदार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी विकणार आहे.